कडब्याचं घर

थर्माकोलवर बंदी आली तेव्हा नात हिरमुसून बसली. दुकानात रंगीत फोमच्या शीटा होत्या, पण तिला पांढरंशुभ्र घर करायचं होतं. मला हसू आलं. आमच्या वेळी बंदी नव्हती, थर्माकोलच मिळत नव्हतं.

लातूर जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला होता. त्यातच ताईचं लग्न ठरलं. रुखवत मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं. नांदेडच्या एका लग्नात थर्माकोलचं घर पाहिलं होतं, तसंच मला हवं होतं.

एसटीनं लातूर गाठून दुकानं पालथी घातली. एकाकडं एकच शीट होती, ती त्यानं गणपतीसाठी राखलेली. नव्या जिल्हा कचेरीत टाइपरायटर आले होते आणि खोक्यांतलं थर्माकोल व्हरांड्यात वाऱ्यावर लोळत होतं. मागितलं, तर कारकून म्हणाला, ही सरकारी मालमत्ता आहे, लिलाव निघेल तेव्हा या. जिल्हा नवा, पण खाक्या जुनाच. मी फणफणत घरी आले.

मग लहानपणी ज्वारीच्या ताटांच्या बैलगाड्या करायचो ते आठवलं. ताट सोललं की आतून पांढरं, हलकं भेंड निघतं. पण गोठ्यात एकच गाय उरली होती आणि माय तिला जपून जपून कडबा घालायची. मायनं बजावलं, चांगल्या ताटाला हात लावायचा नाही, गाईनं खाऊन मागं सोडलेलं चघाळ तेवढं घे.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी ओट्यावर ताटांचे पाच-सहा जाड बुडखे ठेवलेले असायचे. मी ते सोलायचे, कापायचे, बाभळीच्या काट्यांनी जोडायचे. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर झालं, अंगणात तुळशीवृंदावनही झालं. मी अशी काही फुगले होते की ताईनं नुसतं बोट लावलेलं मला खपत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी बायका रुखवताभोवती जमल्या. ताईची सासू भोकरकडची, शेतात राबलेली. तिनं घर हातात घेतलं, भिंतीवरून बोट फिरवलं. मी कौतुकाची वाट बघत उभी. ती मायच्या जवळ सरकून हळूच म्हणाली, “विहीणबाई, असल्या सालात गाय चघाळ सोडत न्हाई.”

माय खाली बघत म्हणाली, “तिनं न्हाई सोडलं. म्याच काढून ठेवलं तिच्या म्होरचं. लेकीचं रुखवत रिकामं कसं मांडावं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर मी गाईच्या तोंडचा घास सोलत होते आणि मला एकदाही शंका आली नव्हती. गोठा काही लांब नव्हता, दहा पावलांवर होता.

सासूनं ते घर मांडीवर घेऊन भोकरला नेलं. त्यांच्याकडं थोडंफार पिकलं होतं. ताईला पहिल्यांदा माहेरी धाडताना त्यांनी टेम्पो केला आणि मागं कडब्याच्या पेंढ्या भरल्या.

त्या दिवशी गाय पोटभर जेवली. गव्हाणीत चार बुडखे उरले. मायनं ते उचलून माझ्यापुढं धरले.

“घे, आज खरंच सोडलं तिनं.”

ती हसत होती. मी बुडखे हातात घेतले आणि तिथंच, गाईजवळ बसून रडले.