गरम पट्टा

१९९२ च्या उन्हाळ्यात लहानू फिटर काविळीने गेला आणि त्याच्या जागी त्याच्या बायकोला, पंचफुलाबाईंना, हिंदी मुलखातल्या त्याच कारखान्यात अनुकंपेवर नोकरी मिळाली. शिक्षण आठवी. नकाशा विभागात कॉपी मशीन चालवायचं काम. सेक्टर दोनचं क्वार्टर राहिलं. लेकरू नव्हतं. सासू वर्षभर थांबली, मग भंडाऱ्याला धाकट्या मुलाकडे निघून गेली.

मशीनची खोली कॉरिडॉरच्या शेवटी होती. भिंतीत एक खिडकी. तिच्यातून लोक कागद आत सरकवायचे, चिठ्ठीवर किती प्रती ते लिहिलेलं असायचं. बोलायची गरजच पडत नसे. मजल्यावर दोन मराठी साहेब होते, पण तेही बाईंशी हिंदीतच बोलत. दिवसभरात आपल्या तोंडून आठ-दहा शब्दही निघत नाहीत, हे बाईंच्या एकदा लक्षात आलं.

मशीन नवं होतं, पण एका जागी नाजूक होतं. कागदावर पडलेली काळी भुकटी वितळून चिकटावी म्हणून आत एक पातळ गरम पट्टा फिरायचा, आणि त्याला खालून एक रबरी रूळ दाबून धरायचा. हा पट्टा महिना-सव्वा महिन्यात फाटायचा. मग रायपूरहून कंपनीचा मेकॅनिक यायचा, देवीदास. मूळचा उमरेडचा.

पहिल्याच दिवशी त्याने पेचकस बाजूला ठेवून विचारलं, "बाई, तुमी कोनत्या गावच्या?"

त्या दिवशी बाई दोन तास बोलल्या. पुढच्या वेळेपासून तो येणार असला की त्या डब्यात अंबाडीची भाजी जास्त आणायच्या. तो मशीन उघडून काम करायचा, त्या स्टुलावर बसून सांगायच्या: लहानूच्या गोष्टी, माहेरच्या विहिरीच्या, काहीही. तो ऐकायचा.

दीड वर्षानंतर एकदा तो आला तेव्हा जेवलाच नाही.

"काय झालं, भाऊ?"

"ऑफिसवाले मले विचारून राहिले, तुह्याच मशीनचा पट्टा कावून तुटते म्हून. मी नीट बसवत नाई म्हन्ते. आता काय सांगू?"

"तो फाटका पट्टा मले देऊन जा," बाई म्हणाल्या.

घरी त्यांनी तो पट्टा पाटावर पसरला. बोटाएवढ्या रुंदीची एक चकाकती, कडक झालेली रेघ आडवी गेली होती, आणि फाट बरोबर तिथूनच सुरू झाली होती. पुढचा पट्टा फाटला तेव्हा त्याच्यावरही तशीच रेघ. बाई विचार करत राहिल्या. पट्टा फिरत असताना एकाच जागी कसा भाजेल? थांबला तरच. आणि थांबतो कधी? साडेपाचला चपराशी केवलराम कॉरिडॉरचं मेन स्विच पाडतो तेव्हा. मशीन गार करणारा आतला पंखा बंद, पट्टा तापलेला, आणि खालून रूळ तसाच दाबलेला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कागद अडकल्यावर ओढायची ती हिरवी दांडी रोज संध्याकाळी ओढायला सुरुवात केली. तिने रूळ खाली सुटायचा. मग पंधरा मिनिटं पंखा चालू ठेवायचा, पट्टा गार होईपर्यंत.

बस चुकेल म्हणून केवलराम त्याच्या बोलीत कुरकुरला. "मोर बस छूट जाही, बाई."

"तू जा. स्विच मैं बंद करूँगी."

सगळे गेल्यावर त्या रिकाम्या कॉरिडॉरमध्ये त्या एकट्या थांबायच्या. दोन महिने गेले, तीन गेले. पट्टा शाबूत. बाईंनी दांडीची ही युक्ती एका कार्डावर लिहून देवीदासला कळवली. साहेबांनी खिडकीतून "अच्छा चल रहा है" म्हटलं. बाईंना आनंद झाला. देवीदासवरचा ठपका आता गेला असेल, असं वाटलं.

चौथ्या महिन्यात त्यांच्या लक्षात आलं की पट्टा फाटत नाही, म्हणजे आता देवीदासचं येणंही राहिलं नाही.

त्या जास्तीची भाजी करायच्या आणि परत न्यायच्या. पौषातल्या एका संध्याकाळी त्यांनी दांडी ओढली नाही. तापलेल्या मशीनवरच मेन स्विच पाडलं आणि जिना उतरल्या. सायकल स्टँडपर्यंत गेल्या. तिथे उभ्या राहून रडल्या, मग धावत वर आल्या, स्विच चालू केलं, दांडी ओढली, आणि पंखा चालू असेपर्यंत मशीनच्या पत्र्याला हात लावून बसल्या.

पट्टा आठव्या महिन्यात गेला, नुसता झिजून. देवीदास आला. नवा शर्ट होता.

"बाई, तुमची दांडीची युक्ती आता आमच्या साऱ्या मेकॅनिकायले शिकवून राहिले. मी साहेबाले तुमचं नाव सांगतलं."

"मंग?"

"त्यायनं लिहून नाई घेतलं." तो खाली बघत म्हणाला. "मले बढती देली. जबलपूरले. येत्या सोमवारी जाऊन राहिलो."

बाई डबा उघडून म्हणाल्या, "जेवून घ्या."

तो पोटभर जेवला. जाताना जबलपूरला यायचं आमंत्रण दिलं. त्या हो म्हणाल्या.

पुढचा पट्टा दहा महिने चालला. तो बदलायला आलेला माणूस भोपाळचा होता. अर्ध्या तासात त्याचं काम झालं. सही कुठे करायची ते त्याने बोटाने दाखवलं, आणि बाईंनी केली.