सुट्या भागांचा पाळणा

आमच्या पहिल्या मुलीच्या बारशाला मी मुंबईहून एक पाळणा आणला. तो सुट्या भागांत होता. ते भाग पोत्यात बांधून, डोक्यावर घेऊन कान्हे स्टेशनापासून चालत आंदर मावळातली सासुरवाडी गाठली. लोणावळ्याच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवत असे, आणि कुणी विचारो न विचारो, शिकवतच असे. वाटेत भेटेल त्याला सांगत होतो, सुटा आहे म्हणून एवढी चढण चढला, आता घरच्या घरी जोडायचा.

सासूबाईंनी बाळासाठी आढ्याला झोळी बांधून ठेवली होती. ती बघून मी नाक मुरडलं. जमलेल्या बायकांसमोर नटबोल्ट घेऊन बसलो आणि तोंडाची टकळीही चालू ठेवली. आईच्या पोटात एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. बोटं कुठे, डोळे कुठे, कुणाला सांगावं लागत नाही. पाळण्याचंही तसंच, भागच आपापली जागा सांगतात.

पाळणा उभा राहिला. एक बोल्ट उरला.

"जावईबापू, ह्यो लावायचा ऱ्हायला न्हवं?" सासूबाई म्हणाल्या.

"जादाचा देतात, मामी," मी म्हणालो. जसा काही मीच कारखाना काढला होता!

बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवतात. सासूबाईंनी त्याला कुंची घातली, तो आत ठेवला आणि पहिला झोका दिला. एका बाजूची दांडी निसटली, तळाची फळी सुटली आणि वरवंटा धाडकन खाली आदळला. सारवलेल्या जमिनीला खड्डा पडला. बायको मुलीला घेऊन शेजारीच उभी होती. पुढची पाळी मुलीचीच होती.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. एखादी हसली असती तरी सुटलो असतो, पण कुणी हसलं नाही. सासूबाईंनी वरवंट्याची माती पदराने पुसली. "ऱ्हाऊ द्या. झोळी हाय की," एवढंच म्हणाल्या.

नाव ठेवून झाल्यावर बाळ सगळ्यांच्या हातून फिरलं. मला लाजेने पुढे होववेना. शेवटी बायकोनेच तिला माझ्या मांडीवर ठेवलं. मी हळूच तिची मूठ उघडून बघितली. इवलीशी बोटं, नखांसकट, जिथली तिथं. तिला जोडताना मला कुणी हात लावू दिला नव्हता, म्हणूनच.