इनास बियाण्याला राखला!

वाचनालयाच्या फळ्यापाशी थांबणाऱ्या मंडळींनो, दुपारच्या मॅचवरून तडक घरी येऊन हा कागद लिहिलाय. डोकं अजून तापलेलंच आहे.

पाचूबंदरकरांना जिंकायला चाळीस रन हवे होते. त्यांचे दोन धिप्पाड गडी जमले होते आणि चेंडू सारखा केळीच्या वाडीत जात होता. आमचा सगळ्यात जलद बॉलर इनास मात्र बांधावर उभा राहून तो शोधून आणत होता.

मी विकेटकीपर. तीनदा कॅप्टन बस्त्यावकाकांकडे धावलो. "काका, आता इनासला द्या. ही जोडी फोडायलाच हवी."

काका म्हणाले, "दम धर रे! चांगला दुधी बियाण्याला राखायचा असतो. इनास शेवटाला."

तो शेवट आलाच नाही. त्याच जोडीने मॅच संपवली. इनासने एकही चेंडू टाकला नाही. जाताना पाचूबंदरचा कॅप्टन मला विचारतो, "तुमचा इनास आजारी हाय का? आमी त्यालाच भीत होतो." काय सांगू त्याला?

काका, वाडीतलं तुम्हाला कळतं, मान्य. पण बियाण्याचा दुधी पुढच्या साली पेरता येतो. आजची मॅच कुठे पेरू?

मंडळी, घात होताना समोर दिसत असेल, तर हुकमी गडी काढायचा की राखायचा? खाली लिहा, पेन्सिल दोऱ्याला बांधलीय. काका, तुम्हीही लिहा. फक्त शेवटाला लिहू म्हणून थांबू नका, तोवर कागद भरलेला असेल.