दार अठीच लागते

"अठी उभी राय. दार अठीच लागते."

असं म्हणून तो उजव्या पायाची टाच फलाटावर दोनदा आपटायचा. आमच्याकडं अठी म्हणजे इथं. गाडी अजून दिसतसुद्धा नसे, आणि या माणसानं तिच्या दाराची जागा ठरवून टाकलेली असे. गाडी यायची, थांबायची, आणि दार बरोबर त्या टाचेसमोर. तुम्ही कधी गोंदिया स्टेशनवर उतरला असाल, तर लाल सदऱ्यातला, दंडावर पितळी बिल्ला बांधलेला हा म्हातारा हमाल तुम्हीही पाहिला असेल. नाव विचारलं नसेल. मीही पुष्कळ दिवस विचारलं नाही. मामा म्हणत गेले.

मी अर्जुनीकडच्या खेड्यातून रोज पॅसेंजरनं गोंदियाला कॉलेजात यायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला हटकलं.

"काय शिकून राहिली?"

"बी. ए."

"मंग त्या बोर्डावर काय लिहून हाय, वाच."

मी वाचलं. त्यानं मान हलवली. "बरोबर. मले वाटलं नुसती पुस्तकं धरून फिरतेस."

त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं, हे मला नंतर समजलं. मग माझं वाचणं बरोबर आहे हे त्यानं कशावरून ठरवलं, ते मला अजून समजलेलं नाही.

त्याची विद्या वेगळी होती. गाडीचे डबे कधी नेहमीच्या क्रमानं लागून येतात, कधी अगदी उलटे. जनरल डबा ज्या टोकाला पाहावा त्याच्या दुसऱ्याच टोकाला निघतो, आणि मग पोरंबाळं, पोती, पेट्या घेऊन लोकांची पळापळ. मामा आदल्या दिवशी तीच गाडी तिकडं जाताना पाहून ठेवायचा. "काल उलटी गेली, आज तशीच वापस येईन," एवढा त्याचा हिशेब. छोटी लाईन, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, होती तेव्हापासून तो हेच करत आला होता.

माझी नागपूरला मुलाखत होती, त्या सकाळी फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा लोंढा एका बाजूला. मामानं मला एकटीला पार दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं आणि टाच आपटली. मला वाटलं, आज आपलं काही खरं नाही. गाडी आली ती उलटी. लोक धावत येईपर्यंत मी खिडकीशी बसलेली. ती नोकरी मला लागली. संस्था नागपूरची, पण तिच्या गोंदियातल्याच एका शाळेच्या कार्यालयात मी आज बसते. मुलाखत मी माझ्या अभ्यासावर दिली, पण तिथवर पोचले ती त्याच्या टाचेवर.

पुढं चाकांच्या बॅगा आल्या, डब्यांचे नंबर दाखवणारे दिवे आले. मामाकडं ओझं येईना. त्याचा मुलगा रायपूरला नोकरीला. तो बोलवायचा, हा टाळायचा.

"तठी का करू? फलाट नाही, काही नाही."

"नातू आहे ना, मामा."

"हाव, नातू हाय," असं म्हणून तो रुळांकडं पाहत बसायचा.

शेवटी मुलानं तिकीटच काढून मोबाईलवर पाठवलं. मीच वाचून दाखवलं: एस-चार, सीट तेवीस. जायच्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकून स्टेशनवर गेले. जन्मभर लोकांना गाडीत बसवणारा माणूस पहिल्यांदा स्वतः बसणार होता.

दिव्यांचा बोर्ड एस-चार चहाच्या ठेल्यासमोर दाखवत होता. मामा गाठोडं घेऊन पुलाखाली जाऊन उभा राहिला. टाच आपटली, पण एकदाच.

"मामा, बोर्डावर तिकडं दाखवून राहिले."

"बोर्डाले का समजते?"

एका प्रवाशानं विचारलं, "काका, एस-फोर यहीं आएगा?" मामा त्याला म्हणाला, "आप उधर जाओ, ठेले के पास." तो गेला. मी गोंधळले. त्याला तिकडं, आणि आपण इकडं?

गाडी आली. आमच्यासमोर सामानाचा बंद डबा. एस-चार ठेल्यासमोर, बोर्डानं सांगितलं तिथंच. मी गाठोडं उचललं.

"चला, मामा! पाच मिनिटं थांबते गाडी!"

तो खाली बसला. "राहू दे. जठी दार लागत नाही, तठून चढाचं नाही."

"अहो, चालत गेलं तरी मिळते!"

"उलटी आली असंल," तो म्हणाला. माझ्याकडं पाहिलं नाही.

गाडी उलटी नव्हती. आदल्या दिवशी ती त्याच्या डोळ्यांसमोरून गेली होती. पण त्याला अलीकडं दूरचं नीट दिसत नव्हतं, हेही खरं. पाच मिनिटं आम्ही तिथंच होतो. मी हात धरून ओढायला पाहिजे होतं. ओढलं नाही. शिकलेली बाई मी, बोर्ड वाचता येणारी. मी काऊन गप्प राहिले?

मुलाला फोन मीच केला. "गाडी चुकली."

 तिकडून त्यानं विचारलं, "कोणाची? माझ्या बाबाची गाडी चुकली?" आणि तो हसला की रडला, ते कळलं नाही.

पंधरा दिवसांनी मुलगा स्वतः मोटार घेऊन आला. मामा म्हणाला, निघणार तर स्टेशनवरूनच. म्हणून मोटार बाहेर, ऑटो उभे राहतात तिथं लागली. मुलानं मागचं दार उघडलं. "चला, बाबा."

मामा जागचा हलला नाही. दारापासून चार पावलं दूर उभा. लाल सदरा अंगात, बिल्ला दंडावर. त्यानं टाच आपटली. दोनदा.

मुलगा बापाकडं पाहत राहिला. मग त्यानं दार लावलं, स्टिअरिंगवर बसला आणि मोटार मागं घेतली. मागून ऑटोवाले ओरडले, "अरे भाई, किधर ले रहा है?" त्यानं थोडी पुढं घेतली, परत मागं घेतली. थांबवली, उतरला, दार उघडलं. दार बरोबर टाचेसमोर.

मामा वाकून आत बसला. मग काच खाली करून मला म्हणाला, "पाह्यलं?"

मी हो म्हणाले. काय पाहायचं होतं, ते विचारायचं राहून गेलं.