अंगणाखालचा खर्च

जमीन सपाट नसते याचा मनापासून आनंद होणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझी बायको आपल्या थोरल्या बहिणीच्या या नवऱ्याला भाऊजी म्हणायची, म्हणून मीही भाऊजीच म्हणत आलो. नोकरी लखनौच्या अमौसी विमानतळावर, पण विमानांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. धावपट्टीवर पडलेलं पाणी कुठे जातं आणि जात नसेल तर का जात नाही, एवढंच बघायचं त्यांचं काम. विमान डोक्यावरून गर्जत गेलं तरी भाऊजी मान वर करत नसत. त्यांची नजर कुठल्यातरी डबक्यावर खिळलेली असायची. गवंड्याकडे असते ती पाणसळ, बुडबुड्यावरून उतार दाखवणारी पट्टी, त्यांच्या पिशवीत डब्याशेजारी कायम असे. माझी बदली लखनौला झाली तेव्हा ते आमचं नवं घर बघायला आले. बायको पाण्याचा पेला घेऊन उभी, आणि हे गुडघे टेकून फरशीवर पाणसळ ठेवताहेत. मग मान हलवत म्हणाले, "बापा! तुमच्या मोरीचं पाणी तर स्वयंपाकघराकडे चाललं!" आम्ही हसलो. आठवड्याभरात ते खरोखरच तिकडे गेलं.

बाजारातही हीच तऱ्हा. ताई, म्हणजे माझी मेहुणी, त्यांना साडीखरेदीला नेणं शक्यतो टाळायची. एकदा हजरतगंजच्या दुकानात तिने साड्यांचा ढीग पुढ्यात ओढला तेवढ्यात भाऊजींनी काउंटरवर पाणसळ ठेवली आणि दुकानदाराला गंभीरपणे सांगितलं, "भाईसाहब, आपका काउंटर दरवाज़े की तरफ़ झुका हुआ है." दुकानदार पक्का लखनवी. हात छातीशी नेऊन म्हणाला, "हुज़ूर तशरीफ़ लाए हैं, झुकेगा नहीं?" भाऊजी इतके खूश झाले की ताईला एकाऐवजी दोन साड्या मिळाल्या. पाणसळीने तिचा झालेला हा एकमेव फायदा.

अशा माणसाने स्वतःचं घर बांधायला काढलं, तेव्हा ते वरून नव्हे, खालून सुरू होणार हे उघडच होतं. इंदिरा नगरात तेव्हा नवी नवी घरं उठत होती, सांडपाण्याची सरकारी लाइन मात्र आलेली नव्हती. जो तो अंगणात सेप्टिक टँक बांधायचा, शेजारी एक शोषखड्डा खणायचा आणि विषय संपवायचा. खड्डा भरला की कोणाला तरी बोलवून उपसून घ्यायचा. भाऊजींना हे मान्य नव्हतं. त्यांनी टाकी सगळ्यांच्या दुप्पट मोठी बांधली आणि तिच्यापासून मागच्या अंगणभर चर खणले. चरांत गिट्टी, गिट्टीवर भाजलेल्या मातीचे भोकं पाडलेले पाइप, पुन्हा गिट्टी, वर माती आणि गवत. टाकीतलं पाणी या लाइनींतून हळूहळू जमिनीत मुरावं, अशी योजना. मिस्त्रीने हात जोडले, "बाबूजी, सीधा गड्ढा खुदवा लीजिए, आधे से भी कम में हो जाएगा." भाऊजींनी त्यालाच पाणसळ धरायला लावली. पाइपांचा उतार मनासारखा जमेना म्हणून एक चर तर पुरता उकरून पुन्हा घातला. जमिनीखाली जे जात होतं ते जमिनीवरून वजा होत होतं. आधी मोझेकची फरशी गेली, मग लोखंडी फाटक गेलं, मग स्कूटर. शेवटी वरच्या मजल्यावरची खोलीही गेली आणि जिना नुसताच गच्चीवर जाऊन थांबला. पाहुणे आले की भाऊजी त्यांना बैठकीत न नेता थेट मागच्या अंगणात नेत आणि गवताकडे बोट दाखवून म्हणत, "बघा!" पाहुणे बघत. बघण्यासारखं काहीच नसे. "लोकाइचा खर्च डोळ्याले दिसते," ताई चहा देताना म्हणायची, "आमच्या घरचा तेवढा वास येत नाही म्हणून समजते."

ती वरची खोली मात्र ताईच्या मनातून गेली नाही. मुलगी डॉक्टरीच्या परीक्षेला बसणार होती. खालच्या दोन खोल्यांत पाहुणे, रेडिओ आणि भाऊजी, एवढ्यांतून तिला अभ्यासाला कोपरा सापडत नसे. ताईने काही वर्षं काटकसर करून खोलीपुरते पैसे जमवले आणि पावसाळ्याआधी काम सुरू करायचं ठरलं. त्याच वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला नेहमीप्रमाणे लखनौतली आमच्या नागपूर-भंडाऱ्याकडची सगळी नोकरदार मंडळी भाऊजींच्या अंगणात जमली. वंदना झाली, खीर वाटणं सुरू झालं. भाऊजी पातेल्यात डाव घालून उभे असताना तंबूवाल्याने खुर्च्या भरायला आपला ट्रक मागे घेत घेत थेट गवतावर आणला. खालून कडकड आवाज आला. खिरीचा डाव तसाच हातात धरून भाऊजी धावले, पण तोवर चाकं सगळ्या लाइनींवरून फिरली होती.

पंधरवड्यात गवत पचपचायला लागलं. मग वास सुटला. शेजारचे निवृत्त हेडमास्तर सभ्य माणूस, नाकाला रुमाल लावून कुंपणाशी आले. "अरे भाईसाहब, परेशान क्यों होते हैं? आदमी बुलवा लीजिए. उतरेगा, बाल्टी से ख़ाली कर देगा. हम लोग तो हर साल करवाते हैं." भाऊजींचा आवाज चढलेला मी तोवर ऐकला नव्हता. "मेरे घर में कोई नहीं उतरेगा!" ते असे ओरडले की हेडमास्तर दोन पावलं मागे सरले.

हेडमास्तर गेल्यावर भाऊजी पायरीवर बसले. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "आमच्या गावात कोणाचं ढोर मेलं ना, की आमच्या बाबाले हाक मारत. जेवत असो का तापाने फणफणत असो, उठून ओढायले जावं लागे. एक दिवस बाबा उठलाच नाही. नाही म्हणे, ज्याचं ढोर त्यानं ओढा. गावानं विहीर बंद केली, काम बंद केलं, तरी नाहीच उठला. म्हणून मी शिकलो." मग ओल्या गवताकडे बघत म्हणाले, "आता त्याचा पोरगा दुसऱ्याच्या बापाले हाक मारीन का?"

पाइप, गिट्टी, मजुरी सगळं नव्याने करायचं, तर त्यात खोली पुरती बुडणार होती, आणि ताईकडे पैसे मागायची त्यांची हिंमत नव्हती. दारात उभ्या असलेल्या मुलीने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "पापा, मैं किचन में पढ़ लूँगी न." ताई आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन तिने पैशांची पिशवी भाऊजींच्या मांडीवर ठेवली. "खणा," ती म्हणाली, "आणि या वेळी गवताभोवती भिंत घाला."

नव्या लाइनी पडेपर्यंत टाकीत पाणी जाऊ नये म्हणून ते कुटुंब आंघोळीला आमच्याकडे येत असे. भाऊजींनी रजा काढली आणि मजुरांबरोबर स्वतः चर खणले. मुलगी स्वयंपाकघरातच शिकली आणि डॉक्टर झाली. भाऊजींना ते बघायला मिळालं, याचं मला फार बरं वाटतं, कारण पुढे ते फार वर्षं राहिले नाहीत. एका हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले.

ते गेल्याच्या दुसऱ्या वर्षी कॉलनीत सरकारी लाइन आली. घरोघरी पेढे वाटावेत असा आनंद. जोडणीसाठी सही घ्यायला एक बाबू ताईकडे आला तेव्हा मी तिथेच होतो. ताईने त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "भैया, ये लाइन चोक होगी तो क्या करेंगे?"

"उसकी चिंता मत कीजिए, माताजी. आदमी हैं हमारे पास, उतर जाएँगे."

"अच्छा," ताई म्हणाली. कागद तिने परत त्याच्यापुढे सरकवला. "फिर हमारा रहने दीजिए. आप चाय पीजिए."