जुन्या केळीच्या रानातले भोपळे

माझी आत्या हेउइफांगा हिचे भोपळे निर्यातीच्या तपासणीत नापास झाल्याचं गावाला कळलं, आणि पुढच्याच रविवारी चर्चच्या पंगतीत तिच्या अळूच्या कंदांची टोपली भरलेली तशीच परत आली. लोकांचे हात टोपलीपर्यंत जात आणि शेजारच्या रताळ्यांकडे वळत.

"विषाच्या रानातलं आहे," कुणीतरी कुजबुजलं.

आत्याने ऐकलं. ती मोठ्याने म्हणाली, "मग मला बरंच पुरेल!" आणि एकटीच खात बसली.

ते रान तिच्या नवऱ्याचं. आमच्या टोंगाटापू बेटावर केळीला चांगले दिवस होते, तेव्हा त्याने तिथे केळी लावली होती. भुंगे मारायला प्रत्येक बुंध्याशी पांढरी पावडर टाकायची, असं वरून सांगितलेलं. त्याने ती टाकली. मग केळी गेली, नवरा गेला, पावडर मात्र राहिली. ती पावडर म्हणजे डिल्ड्रिन हे कीटकनाशक, आणि तपासणीत भोपळ्यात निघालं ते हेच.

मी तेव्हा सामोआहून शेतीचं शिक्षण संपवून नुकतीच घरी आले होते. आत्याने मला थेट रानात नेलं.

"इतकी वर्षं पाऊस पडतोय. वाहून कसं नाही गेलं?"

"ते पाण्यात विरघळतच नाही, आत्या. मातीतल्या काळ्या, कुजलेल्या भागाला चिकटतं. जितकी वर्षं जातील तितकं आत शिरतं आणि घट्ट बसतं. तुझ्या अळूला ते फारसं मिळतच नाही. कंद स्वच्छ आहेत तुझे."

"आणि भोपळ्याला?"

"भोपळा चिवट. त्याच्या मुळांतून असं काही पाझरतं, की चिकटलेलं विषसुद्धा सुटतं आणि वेलावर चढतं."

"माझ्या सासूसारखा," आत्या म्हणाली. "तीही कोपऱ्यातलं बरोबर उकरून काढायची."

निर्यातदाराचा माणूस फिनेआसी बजावून गेला होता, की पुढच्या हंगामात एकदाच नमुना घेईन, नापास झाला तर हे रान कायमचं बाद. सगळे म्हणत, अळू लाव आणि गप्प बस. पण अळू कुणी खात नव्हतं, हेच तर तिचं दुखणं होतं. भोपळा पास झाल्याशिवाय नवऱ्याच्या रानावरचा डाग जाणार नव्हता.

मी तिला एक उपाय सांगितला. नारळाच्या करवंट्यांचा कोळसा मातीत मिसळायचा. कोळशात बारीक बारीक भोकं असतात. विष त्यांत जाऊन अडकलं की भोपळ्याच्या मुळालाही सहज ओढता येत नाही.

"म्हणजे विष जाणार नाही?"

"नाही. तिथेच बांधलेलं राहील."

"राहू दे. घरात आळशी दीर असतो तसं. बसून राहतो, पण निदान कुणाच्या ताटात हात घालत नाही."

अडचण एकच होती. कोळसा पिठासारखा बारीक हवा, आणि तसं दळणारं यंत्र बेटावर नव्हतं. आत्याने गावाच्या दिशेने कान दिला. गावातून साल कुटण्याचा ठकठक आवाज येत होता. आमच्या बायका झाडाची साल मोगरीने कुटून कापड करतात, एका लांब ओंडक्यापाशी रांगेने बसून. ओंडका आमच्याच घरचा होता आणि गटाची प्रमुख होती माझी आई, सिउतीती.

आत्या तडक आमच्या घरी आली. ती आत शिरताच बाबा रिवाजाप्रमाणे मागच्या दाराने बाहेर पडले; आमच्याकडे मोठे झालेले भाऊ-बहीण एका छपराखाली बसत नाहीत.

"वहिनी, ओंडका हवाय. आणि तुझ्या बायकाही."

"कशाला?"

"कोळसा कुटायला."

आईच्या हातातली मोगरी थांबली. "माझ्या ओंडक्यावर? अहो, पांढरं कापड कुटतो आम्ही त्यावर! लग्नाचं!"

"मी आत्या आहे या घरच्या मुलांची."

यावर आमच्याकडे कुणी काही बोलू शकत नाही. नवऱ्याच्या बहिणीने मागितलेलं द्यायचंच असतं. आईने मला नुसतं डोळ्यांनी विचारलं, की हे खूळ तूच काढलंस ना?

रविवारी उमूत, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत, जेवण भाजतो, तशा खड्ड्यात आत्याने करवंट्या जाळल्या, वर पानं आणि माती लोटून धुमसत ठेवल्या. पहिल्या दिवशी कोरडा कोळसा कुटला. दोन-चार ठोक्यांतच सगळ्याजणी काळ्या झाल्या आणि कोळसा वाऱ्यावर उडाला. आई ठसकत म्हणाली, "वन्सं, रान राहिलं बाजूला, विष आता माझ्या नाकात बांधलं जाणार!"

मग आत्याने कोळसा भिजवला, पिठाच्या रिकाम्या पोत्यांत भरला आणि पोती ओंडक्यावर ठेवली. आता मोगऱ्या बरोबर बसू लागल्या. ताल धरला तशी गाणीही सुरू झाली. कुटलेला लगदा वाळवून जुन्या मच्छरदाणीतून चाळायचा, जाड राहील तो पुन्हा पोत्यात. रविवारी पांढऱ्या कपड्यांतल्या आमच्या बायकांच्या कानांत काळं दिसे. "देवाला चालेल," आई म्हणायची, "मला आरशात चालत नाही."

ती भुकटी आम्ही केळीच्या जुन्या सऱ्यांत नीट कालवली, माती मुरू दिली आणि मग बी लावलं. वेल धावले, फळं धरली. फिनेआसीने नमुना नेला. त्यानंतर आत्या दिवसभर रानातच असे. वेलांमधलं तण तिने असं काढलं, की उपटायला काही उरलं नाही.

मग एका सकाळी ट्रकचा भोंगा बांधापासूनच वाजत आला. फिनेआसी खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडत होता, "पास! मर्यादेच्या कितीतरी खाली!"

आत्याने किंचाळून आईला मिठी मारली. रस्त्यावरून जाणारे लोक थांबले. फिनेआसीची माणसं भोपळे उचलायला लागली, तर ती ट्रकसमोर आडवी उभी राहिली.

"आधी जेवायचं."

"मावशी, बोट सुटेल!"

"बोटीला सांग, हेउइफांगाने थांबायला सांगितलंय."

तिने एक भोपळा फोडला आणि नारळाच्या दुधात शिजवला. सोबत अळूचे कंद उकडले. फिनेआसीने पहिला घास घेतला आणि ताट पुन्हा पुढे केलं. मग रस्त्यावरचे लोक हळूहळू आत आले. पंगतीत कुजबुजलेली बाईसुद्धा आली. आत्याने तिच्या पानावर अळूचा सगळ्यात मोठा कंद ठेवला आणि समोर बसून ती तो संपवेपर्यंत पाहत राहिली.

"अजून वाढू?"

बाईने मान डोलावली, हो म्हणून.