मधल्या माणसाची मोटार

शिवाजी पार्कच्या सभेसाठी पत्रकांचा गठ्ठा घेऊन निघालो होतो. खोताच्या वाडीच्या तोंडाशीच शेजाऱ्याने गाठलं. म्हणाला, "पास्कलकाका गेले. कारखान्यात, नकाशाच्या टेबलाशीच..." सभा राहिली, मागे फिरलो. त्याला आता महिना होऊन गेला. कारखान्याच्या शोकसभेत साहेबांनी त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं. वक्तशीरपणा! ज्याने मोटारीची जमीन सपाट केली त्याचा मोठेपणा काय, तर म्हणे वेळेवर यायचे! म्हणून हे लिहितो आहे.

पास्कलकाका मोटारीचे इंजिनियर. आमच्या समोरच्या लाकडी घरात त्यांच्या किती पिढ्या गेल्या ते त्यांनाही सांगता येत नसे. मुंबई कोणाची असं कोणी विचारलं की मी सरळ त्यांचा पत्ता देत असे. तरी आमचं भांडण रोजचं. "काका, मुंबईसाठी माणसं लाठ्या खातायत आणि तुम्ही शेटजींना गाड्या करून देताय?" यावर ते चहाचा कप खाली ठेवत. "शेटजीच्या गाडीत मागं दोघंच बसतात रे पुढारी. मी अख्ख्या घराची गाडी करतोय. तुझं राज्य आलं म्हणजे लोकांनी काय जन्मभर मोर्च्यातच चालायचं?"

घराची गाडी म्हणजे काय, हे त्यांनी मला जमिनीवर खडूने काढून दाखवलं होतं. नेहमीच्या मोटारीत पुढच्या इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब दांडा फिरतो. त्याच्यासाठी मधोमध उंचवटा ठेवावा लागतो आणि मागच्या बाकावर मधे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात. "मधे लहान मूल बसेल," हा साहेबांचा निकाल. काका म्हणाले, "आमच्याकडे मधे आई बसते, साहेब." त्यांनी इंजिन आडवं ठेवून पुढचीच चाकं फिरवायचं काढलं. दांडा गेला, उंचवटा गेला! साहेब म्हणाले, परदेशी नकाशात असं नाही. जसं काही आमच्या आया परदेशी नकाशात बसतात!

मग काकांनी खोक्यांच्या फळ्यांची एक गाडी वाडीत उभी केली. चाकं नाहीत, छप्पर नाही, नुसती दारं आणि बाकं. सगळी वाडी बसून गेली. माझी आई नऊवारीत मधे बसली, काकांची बायको रोझीकाकू एका बाजूला, मी दुसऱ्या. काकांनी गुडघे मोजले, पावलं मोजली आणि त्या मापाने कारखान्यात बैठक उभी केली. साहेब लोक बूट घालून बसले आणि त्यांचे पाय पुढच्या बाकाखाली अडकले. हशा पिकला. "अनवाणी लोकांची गाडी!" संध्याकाळी काका तोंड पाडून परतले, फळ्यांच्या गाडीपाशी उभे राहिले आणि एकदम ओरडले, "रोझी, अगं आपण सगळे चपला काढून बसलो होतो!"

खरंच की. बसायच्या जागी चपला घालून कोण शिरतं? दुसऱ्या दिवशी फळ्यांच्या गाडीतलं पुढचं बाक दोन बोटं वर उचललं, पण चपला घालून आत जायला एक माणूस तयार होईना. आई तर म्हणाली, "मला पाप लागेल." शेवटी मी स्टुलावर चढलो आणि सभेतल्या आवाजात ओरडलो, "चपलांसह बसलंच पाहिजे!" वाडी हसत हसत आत शिरली. त्या मापावर नमुन्याची एक गाडी बांधायला मंजुरी मिळाली.

ती रस्त्यावर यायच्या आत काका गेले... आणि लगेच कुजबुज सुरू झाली, की आता साहेब उंचवटा परत घालणार. मी निषेधाचं पत्रक लिहूनही ठेवलं होतं.

ते वाटावं लागलं नाही. गेल्या रविवारी काकांचे सहकारी नमुन्याची गाडी घेऊन वाडीच्या तोंडाशी आले. माणसं धावली, कोणी बॉनेटवर थाप मारली, कोणी घोषणा दिली. आईने दार उघडलं, पण आधी कोणी बसायचं ते कोणाला सांगावं लागलं नाही. रोझीकाकू आत सरकल्या, मधे बसल्या, दोन्ही पावलं जुळवून खाली टेकवली.

"सपाट आहे गं," त्या आईला म्हणाल्या.

आम्ही दोघं त्यांच्या दोन बाजूंना बसलो. गाडी सुसाट निघाली. समुद्र आला, चौपाटी आली, मी खिडकीतून ओरडत होतो. काकू बाहेर बघतच नव्हत्या... खाली बघत होत्या.